पुलावरचा दुसरा गिअर

चांदपाशा ड्रायव्हर गाडीत बसला की आधी डाव्या पायातली चप्पल काढतो. ती सीटखाली सरकवतो, पायही मागं ओढून घेतो आणि मग उजव्या हातानं स्टिअरिंगला शिवून तो हात कपाळाला लावतो. स्टिअरिंगला सलाम करायची रीत जुनी, गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं लावलेली. चप्पल काढायची रीत नवी. नव्या गाडीला क्लच नाही. क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला काम नाही, आणि बिनकामाचा पाय काय करतो ते दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या घरानं बघितलं.

घर म्हणजे वच्छलामाईंचं. मूळची लासूर स्टेशनकडची शेतीवाली माणसं. माईंचे मालक आप्पासाहेब यांनी सिडकोत बंगला बांधला, चांदपाशाला ड्रायव्हर म्हणून ठेवला आणि पुढं ते वारले तरी ड्रायव्हर तोच राहिला. मुलगा बन्सी आता शेंद्र्याला कारखाना चालवतो. त्याला शाळेत सोडायला चांदपाशाच जायचा, म्हणून तो त्याला चाचा म्हणतो.

माईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं बजावलं, चाला, फिरा, पण गचका नको. बन्सीनं लागलीच जुनी डिझेल गाडी विकून ही ऑटोमॅटिक आणली. गिअर आपोआप पडतात, गचका म्हणून बसत नाही. पाडव्याला पूजा झाली. माईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, भागूबाई स्वयंपाकिणीनं चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ दरवेळेसारखा चांदपाशानं फोडला. ह्या घरात आजवर जेवढ्या गाड्या आल्या त्या सगळ्यांचे नारळ त्याच्याच हातचे. मग माईंना पुढच्या सीटवर बसवलं, कारण मागं त्यांना पाय लांब करता येत नाहीत, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

कोपऱ्यापर्यंत सगळं ठीक. कोपरा वळला, गाडीनं जरा वेग घेतला, आणि चांदपाशाचा डावा पाय सवयीनं उठला अन् क्लच समजून ब्रेकवर दाणकन बसला. क्लच दाबायचा जोर ब्रेकवर पडल्यावर दुसरं काय होणार? गाडी जागच्या जागी खिळली. ‘आई गंऽऽ!’ माई ओरडल्या. पट्टा होता म्हणून वाचल्या, नाहीतर बॉनेटबरोबर काचेलाही कुंकू लागलं असतं.

बन्सी धावत आला. ‘चाचा, अहो डावा पाय विसरा आता! दांडा डीमध्ये टाका, उजव्या पायानं चालवा, बास. डाव्या अंगाला सुट्टी!’

‘हौ,’ चांदपाशा म्हणाला. ना ओशाळला, ना हसला. दुसऱ्या कुणी ड्रायव्हरनं दहादा कान धरले असते. ह्यानं चप्पल काढली, पाय मागं घेतला आणि गाडी पुन्हा चालू केली. पाय त्या दिवसापासून गप बसला. हाताचं मात्र तसं झालं नाही, आणि ही गोष्ट त्या हाताची आहे.

आता हात कळायला आधी माणूस कळला पाहिजे. चांदपाशाचा बाप करमाडचा. पोलीस ॲक्शन झाल्यावर तो गाव सोडून शहरातल्या छावणी भागात आला आणि टांगा हाकायला लागला. पोरानं पुढं टांगाच चालवावा अशी त्याची लई इच्छा, पण पोराला घोड्याचा वास सोसायचा नाही. पोरगं डिझेलच्या वासामागं गेलं. जहांगीर उस्ताद म्हणून एक ट्रकवाला होता, लासूर स्टेशनच्या मार्केटातला कांदा अन् कापूस वाहायचा. त्याच्या हाताखाली चांदपाशा गाडी शिकला. त्या वेळच्या ट्रकांचे गिअर म्हणजे अडेल तट्टू. क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा, तेव्हा कुठं दांडा सरकणार. जरा चुकलं की असा करकरणार की रस्त्यानं चाललेली म्हातारी वळून शिवी देणार. उस्तादाचा धडा एकच होता: ‘डावा हात गिअरवर, नजर रस्त्यावर, जबान दातांच्या आत.’

चांदपाशानं तो धडा असा घेतला की पुढं जीप आली, अँबॅसिडर आली, आप्पासाहेबांकडं एकामागून एक गाड्या आल्या, पण डावा हात काही दांड्यावरून हलला नाही. सिग्नलला गाडी उभी असली तरी हात तिथंच. जबान तर घरीसुद्धा दातांच्या आतच राहिली.

घरी बोलायचं काम सगीराचं. सगीरा म्हणजे त्याची बायको, तीही करमाडचीच, आणि तिच्या तोंडाचा पट्टा छावणीच्या बाजारात मशहूर. भाजीवाल्यापासून मौलवीपर्यंत कुणाची भीड नाही. एकदा शेजारणीनं हिच्या दारात कचरा लोटला, तर हिनं तो तसाच उचलून ताटात घातला, वर रुमाल टाकला आणि ईदचा खाना पाठवावा तसा तिच्या घरी पाठवून दिला. अशी बाई.

आप्पासाहेबांची गाडी कधीमधी घरच्या कामाला मिळायची, एखादं लग्न, एखादी मयत. तेव्हा ती पुढं बसायची आणि गिअरच्या दांड्याकडं बोट करून म्हणायची, ‘ही बघा माझी सवत! दिवसभर हिला धरून बसता. माझा हात धरला का कधी?’

चांदपाशाचे कान लाल व्हायचे. ‘लोक बघतील,’ एवढंच म्हणायचा.

‘बघू द्या की! निकाहची बायको हाय, पळवून नाय आणली.’

त्यांना मूलबाळ झालं नाही. एवढी बोलकी बाई, पण त्या एका गोष्टीवर तिची जीभ अडायची, आणि त्याची तर आधीच बंद. दोघं एकमेकांना चहा करून द्यायचे. छान चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात सगीरा करमाडला धाकट्या बहिणीकडं, फहमिदाकडं गेली होती. एका दुपारी फहमिदाचा फोन आला. सगीराआपाला दम लागलाय, छाती दाबून धरतेय, लवकर या. चांदपाशानं माईंना विचारलं. ‘विचारताय काय? गाडी घ्या अन् निघा!’ माई म्हणाल्या. करमाडला पोचला तर सगीरा ओट्यावर बसलेली, चेहरा पांढराफटक. आडवी झाली की जीव घुसमटायचा, म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवली. फहमिदा मागं बसली आणि गाडी जालना रोडला लागली.

शेंद्र्याच्या पुढं आल्यावर सगीरा म्हणाली, ‘हात द्या.’

चांदपाशानं दिला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं भर रस्त्यात, दिवसाउजेडी, बायकोचा हात धरला. तिचा हात गार होता आणि घामानं ओला. तिनं सवतीवरून काही टोमणासुद्धा मारला नाही.

आता नशिबाची थट्टा बघा. ड्रायव्हर उजवीकडं, बायको डावीकडं, आणि गिअर मधे. तिचा हात धरायचा तो डाव्या हातानं, अन् गिअर टाकायचा तोही डाव्याच हातानं. गिअर बदलायचा म्हणजे हात सोडणं आलं. म्हणून ह्या माणसानं गाडी तिसऱ्यातच ठेवली. गाडी चौथा मागत होती तरी तिसऱ्यात, इंजिन बोंबलत होतं तरी तिसऱ्यात. चिकलठाणा, मुकुंदवाडी, सिग्नलवर सिग्नल. जिथं वेग कमी झाला तिथं अर्ध्या क्लचवर गाडी रेटली. क्लच जळाल्याचा वास आला, फहमिदानं पदर नाकाला लावला, तरी ह्यानं हात सोडला नाही. जहांगीर उस्तादानं बघितलं असतं तर कानाखाली वाजवली असती.

मग सेव्हन हिल्सच्या पुलाचा चढ आला. पुढं लोखंडी सळयांनी भरलेला ट्रक, आणि तो चढावर जवळजवळ थांबलाच. चांदपाशाची गाडी तिसऱ्यात थरथरायला लागली. आता बंद पडणार. चढावर बंद पडली की झालीच बोंब, मागं गाड्यांची रांग आणि दवाखान्याला उशीर. त्यानं सगीराचा हात तिच्या मांडीवर ठेवला, ‘एकच मिनिट हां,’ म्हणाला, आणि दुसरा गिअर टाकला.

गाडी उचलली. त्यानं हात परत पुढं केला, तर तिचा हात मांडीवर नव्हता. पलीकडं, दाराच्या बाजूला घसरला होता. डोळे मिटलेले. त्याला वाटलं, डोळा लागला. तिथवर वाकून हात घ्यायचा तर गाडी जराशी थांबवायला पाहिजे होती. पण ट्रक सरकला होता, मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते, आणि पूल काही माणसाला थांबू देत नाही. पोचल्यावर धरू, असं म्हणून तो निघाला.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं नाडी बघितली. म्हणाला, ह्या वाटेतच गेल्या.

चांदपाशा पुढं झाला. त्याला दुसरं काही नको होतं, तो हात तेवढा पाहिजे होता. तर फहमिदा मधे आली. स्वतः हुंदके देत होती, पण आडवी झाली. ‘नक्को, भाईजान. हात नक्को लावू. आता तुम्ही परके.’ बायको गेली की निकाह तुटला, मग नवऱ्यानं मयताला हात लावायचा नाही, अशी त्यांच्या घरची आजी-पणजीपासूनची समजूत. कुणी मौलवी म्हणेल बरोबर आहे, कुणी म्हणेल इतकं कडक नाही. पण मयताच्या दारात असले धर्माचे मसले कोण काढत बसतं? चांदपाशानं हात मागं घेतला. न्हाऊ बायकांनी घातलं, खांदा भाच्यांनी दिला, कबरीत उतरले तेही तिच्याच नात्यातले. तो लांब उभा राहून बघत होता. म्हणजे पुलावर जो हात सोडला, तो सोडलाच.

तो रडला नाही. छावणीतल्या बाया म्हणाल्या, दगडाचा हाय मेला, डोळ्यातनं टिपूस नाय काढलं. असल्या बायांच्या तोंडाला कुलूप घालायला सगीराच पाहिजे होती. चांदपाशाला रडायचं नव्हतं असं नाही, त्याला काही होतच नव्हतं. अंगावर कुणी गोधडी टाकावी आणि वरून मारावं, तसं सगळं लांबून लागायचं. माई भेटायला छावणीत येऊन गेल्या, त्यांनी त्याच्या समोर डोळे पुसले, त्यानं त्यांना पाणी दिलं. चाळिसावा झाला, माणसं जेवून गेली, त्यानं भांडी गोळा केली. फहमिदानं सगीराच्या साड्या वाटायला काढल्या, तेव्हा ‘घेऊन जा’ म्हणाला. तिचं पानदान तेवढं राहिलं, तेही कुणी मागितलं नाही म्हणून.

भूक लागली की नाही ते कळायचं नाही, म्हणून तो घड्याळ बघून जेवायला लागला. एकदा माईंच्या घरी भागूबाईनं गडबडीत चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. चांदपाशानं कप संपवला, विसळला आणि पालथा घातला. मग भागूबाईनं आपला कप तोंडाला लावला आणि थू करून टाकला. ती ह्याच्या तोंडाकडं बघतच राहिली.

‘अहो चांदभाई, खारट नाय लागला व्हय?’

‘लागला असंल,’ तो म्हणाला.

एक गाडी चालवणं तेवढं उरलं होतं. गाडीत बसलं की हातपाय आपले आपण चालायचे. जिवंत असल्याचं सोंग करावं लागायचं नाही. आणि अशा माणसाच्या हातात बन्सीनं ऑटोमॅटिक दिली.

डीमध्ये टाकलं की डावा हात मोकळा. ठेवायचा कुठं? स्टिअरिंगवर ठेवला तर आपोआप खाली यायचा. मांडीवर ठेवला तर उताणा पडायचा, बोटं अर्धी मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. त्याला ते बघवायचं नाही. मग एक दिवस त्याला दांड्याशेजारी एक खाच सापडली. डीच्या बाजूला दांडा सरकवला की अधिक आणि उणे अशा दोन खुणा. पुढं ढकललं की वरचा गिअर, मागं ओढलं की खालचा. ऑटोमॅटिक गाडीतच हातानं गिअर टाकायची सोय! कंपनीनं ती हौशी लोकांसाठी केलेली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी ती चांदपाशानं धरली.

मग काय विचारता. बंगल्यापासून दवाखान्यापर्यंत हातानं गिअर. पण हा दांडा जुन्या दांड्यासारखा नाही. पायाखाली क्लच नसल्यावर गिअर कधी बसला ते हाताला कळत नाही, नुसतं टक् होतं आणि गाडी मागं ओढते. खालचा गिअर जरा लवकर ओढला की गाडी अशी हिसका देते की माईंच्या कमरेत सुरी फिरावी. माई बरेच दिवस बोलल्या नाहीत. दाराच्या कड्याला धरून बसायच्या, ओठ दाबून. माणूस दुःखात आहे, असं म्हणायच्या.

बन्सी एकदा मागं बसला आणि त्यानं बघितलं. ‘चाचा, हे काय? गाडी स्वतः करते ते तुम्ही कशाला करताय? भांड्याला बाई ठेवायची आणि भांडी आपणच घासायची, तसलं झालं हे!’

‘हौ.’

‘आईला त्रास होतोय.’

‘हौ.’

जित्याची खोड, असं म्हणून बन्सीनं कपाळाला हात लावला. त्याला वाटलं म्हातारा हट्टाला पेटलाय. हट्ट नव्हता हो. माईंचं आवळलेलं तोंड चांदपाशाला दिसत होतं, आपल्याला वाईट वाटायला पाहिजे हेही कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. तरी त्यानं ऐकलं. दांडा डीमध्ये टाकून डावा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसायला लागला. सिडकोचे रस्ते, आकाशवाणी, मोंढा, क्रांती चौक, सगळीकडं डी. फक्त एक जागा सोडून.

सेव्हन हिल्सचा चढ आला की हात मांडीखालून निघायचा, दांडा बाजूला सरकवायचा आणि मागं ओढायचा, दुसरा गिअर येईपर्यंत. दर वेळी, त्याच जागी, पुढं ट्रक असो नसो. तिथं गाडीला आपोआप गिअर बदलू देणं त्याच्यानं होईना. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. गाडी त्या चढावर आपली आपण गिअर टाकते हे एकदा बुडाखाली जाणवलं, की त्या दिवशी हात सोडायचं काही कारण नव्हतं हेही जाणवणार. अशी गाडी होती. दुकानात उभी होती. सगीरा गेली त्या दुपारीसुद्धा कुठंतरी उभी होती. एवढं अंगाला लागू नये म्हणून तो पुलावर दुसरा टाकत होता.

बाकी सगळीकडं गाडी लोण्यासारखी, म्हणून माई त्या एका हिसक्याला दाराचं कडं घट्ट धरून तयार राहायच्या. पण संक्रांतीनंतर एकदा पुलावर मधेच एक रिक्षा आडवी घुसली. चांदपाशाचा पाय ब्रेकवर गेला आणि हात त्याच वेळी दांड्यावर. माईंच्या तोंडून असा आवाज निघाला की रिक्षावाल्यानंही वळून बघितलं. घरी आल्यावर त्यांना उचलून पलंगावर न्यावं लागलं.

बन्सी पोर्चमध्ये आला. ओरडला नाही, त्यापेक्षा वाईट, हळू बोलला. ‘चाचा, सोमवारपासून दुसरा माणूस येईल. तुम्ही आता घरी आराम करा. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. पण आईला मी असं बघू शकत नाही.’

‘हौ,’ चांदपाशा म्हणाला आणि चावी खुंटीला लावली.

छावणीतल्या खोलीवर आला, दिवा लावला, खाटेवर बसला. समोर पानदान. घरी आराम करा. इथं, ह्या खाटेवर, दोन्ही हात मोकळे. तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्याला काहीतरी झालं. भीती वाटली. दुःख नाही, नुसती भीती, रानात रस्ता चुकल्यावर वाटते तशी. त्यानं उठून पानदान फडताळात ठेवलं आणि दार लावलं.

शनिवारी माईंना व्यायामाला दवाखान्यात न्यायचं होतं. बन्सी कारखान्यात. भागूबाई म्हणाली, चांदभाईंबरोबर नका जाऊ, रिक्षानं जा. ‘रिक्षानं गेले तर घरी हाडं पिशवीत घालून आणावी लागतील,’ माई म्हणाल्या, आणि काठी टेकत टेकत गाडीत येऊन बसल्या. काठी आप्पासाहेबांची, शिसवी, मुठीला धरून धरून गुळगुळीत झालेली. ती त्या आपल्या गुडघ्याला टेकवून ठेवायच्या आणि ती सारखी घसरायची.

पुलाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला शहाळेवाला बसतो. तिथं माई म्हणाल्या, ‘चांदभाई, गाडी बाजूला घ्या.’

‘दुखतंय का माई?’

‘दुखायचं ते दुखतंयच. मला एक सांगा. सगळ्या शहरात गाडी लोण्यासारखी चालवता, अन् ह्या पुलावर आलं की तुमच्या अंगात येतं. काय हाय त्या पुलावर?’

एरवी तो ‘काय नाय’ म्हणाला असता. पण सोमवार आता दोन पावलांवर आला होता, आणि ज्याचं सगळं गेलं त्यानं काय लपवायचं? समोर चढाकडं बघत, टायरची हवा किती ते सांगावं तशा आवाजात त्यानं सांगितलं. ‘सगीरा इथं गेली. हात माझ्या हातात होता. दुसरा टाकायला सोडला. परत धरायला मिळाला नाय. आमच्या घरात मागनं हात लावू देत नाय.’

माईंना ती वाटेत गेली एवढंच माहीत होतं.

‘ही गाडी असती तर सोडायचं काम नव्हतं,’ चांदपाशा म्हणाला. ‘आपोआप पडतो.’

माईंनी देवाची मर्जी म्हटलं नाही, नशीबही काढलं नाही. ते सगळ्यांचं म्हणून झालं होतं. त्यांनी घसरलेली काठी पुन्हा गुडघ्याला टेकवली. मग म्हणाल्या, ‘आमचे हे गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दूध उतू चाललं होतं म्हणून उठले. परत आले तर गेलेले. तेव्हापास्नं दूध मी तापवत नाय, भागूबाई तापवती.’

चांदपाशानं पहिल्यांदा त्यांच्याकडं वळून बघितलं.

‘चला,’ माई म्हणाल्या. ‘आज डी.’

‘हात ऐकत नाय, माई.’

‘मग त्याला काम द्या. ही धरा.’ त्यांनी काठी पुढं केली. ‘सारखी घसरती मेली, माझ्या पायावर पडती. नीट धरा, सोडू नका.’

त्यानं डाव्या हातानं काठी धरली. मुठीला माईंच्या हाताची ऊब होती.

गाडी चढाला लागली. हात दांड्याकडं जायला उठला, पण त्यात काठी होती. तो काठीवरच आवळला. पुढं ट्रक नव्हता, सिटी बस होती, माणसांनी लदलेली. बस चढावर मंदावली. चांदपाशानं उजवा पाय जरा उचलला. गाडी मंदावली, आणि मग त्याच जागी बुडाखाली काहीतरी हलकेच सरकलं. आवाज नाही, हिसका नाही. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तेवढंच. गाडीनं आपला आपण खालचा गिअर घेतला आणि उचलली.

हात होता तिथंच होता. सोडावा लागला नव्हता.

चांदपाशाच्या तोंडात खारट चव आली. किती महिन्यांनी जिभेला चव कळली, आणि कशाची म्हणून तो चाचपत राहिला. मग समोरची बस पाण्यात बुडाल्यासारखी दिसायला लागली आणि त्याला कळलं की डोळ्यातून धार लागलीय. दुखत होतं. छातीत, गळ्यात, पाठीत, सगळीकडं एकदम दुखायला लागलं, इतकं की श्वास घेता येईना. त्यानं गाडी कठड्याला घेतली, पुलाच्या ऐन माथ्यावर, जिथं कुणी कधी थांबत नाही, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो मोठ्यानं रडला. ‘सगीरा, एकच मिनिट म्हणलो होतो गं,’ म्हणत रडला. डाव्या मुठीत काठी तशीच, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत आवळलेली.

मागून हॉर्न वाजायला लागले. आधी एक, मग दोन, मग रांगच लागली. चांदपाशानं जन्माच्या सवयीनं बाहीला डोळे पुसले आणि निघायला म्हणून काठी ठेवायला लागला.

‘काठी सोडू नका,’ माई म्हणाल्या.

‘हॉर्न वाजतायत, माई.’

‘वाजू द्या.’